मेक्सिको-ग्वाटेमालातले पिरॅमिड आणि अवशेष मॉर्मन श्रद्धासहलीतून पाहताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत, विशेषतः युटा, ॲरिझोना, आयडाहो या राज्यांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना शेजाऱ्यांकडून किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्यांकडून अशा सहलीचं आमंत्रण येतं. काहींना घरातल्या सुनेमुळे किंवा जावयामुळे हा विषय कळतो. काही जण तर स्वतःच मॉर्मन चर्चचे सदस्य असतात. या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

ही नेमकी कसली सहल असते?

मॉर्मन ग्रंथ हा या चर्चचा धर्मग्रंथ. तो १८३० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायरा गावी छापून प्रसिद्ध झाला. चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी तो प्रसिद्ध केला. सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या प्राचीन मजकुराचं हे दैवी साहाय्याने केलेलं भाषांतर आहे, असं त्यांनी सांगितलं. ग्रंथातल्या कथेप्रमाणे लेही नावाचा प्रेषित इ.स.पूर्व ६००च्या सुमारास कुटुंबासह जेरुसलेम सोडतो आणि समुद्र ओलांडून एका नव्या भूमीत येतो. त्याच्या वंशजांचे पुढे नेफाइट आणि लेमनाइट असे दोन समाज होतात. पुनरुत्थानानंतर येशू ख्रिस्त या लोकांना दर्शन देतो. शेवटी मोठ्या युद्धांत नेफाइट नष्ट होतात आणि इ.स. ४२१च्या सुमारास कथा संपते.

ही भूमी म्हणजे आजचा दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमाला, असं बऱ्याच सदस्यांना वाटतं. त्यामुळे त्या भागातल्या प्राचीन शहरांमध्ये ग्रंथातले उतारे वाचत फिरायच्या सहली निघतात. बसमध्ये सकाळी प्रार्थना, जागेवर पोचल्यावर इतिहासाची माहिती, त्यानंतर ग्रंथातल्या एखाद्या अध्यायाबद्दल बोलणं आणि संध्याकाळी हॉटेलात अनुभवकथन, असा दिवस असतो.

चर्चच या सहली काढतं का? या जागा चर्चने ठरवून दिल्या आहेत का?

दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच, नाही. सहली खासगी कंपन्या काढतात. सॉल्ट लेक सिटीत मुख्यालय असलेल्या ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ची भूमिका स्पष्ट आहे : ग्रंथातल्या घटना प्राचीन अमेरिकेत घडल्या असं चर्च मानतं, पण नेमक्या कुठे, याबद्दल चर्चचं अधिकृत मत नाही. सदस्यांमध्येही एकमत नाही. एक गट मध्य अमेरिकेकडे बोट दाखवतो, तर दुसरा अमेरिकेतल्या मिसिसिपी आणि ओहायो खोऱ्यांकडे. त्यामुळे ‘हीच ती जागा’ असं एखादा मार्गदर्शक ठासून सांगत असेल, तर ते त्याचं स्वतःचं मत समजावं.

एक शिष्टाचार लक्षात ठेवा. २०१८ पासून चर्चने ‘मॉर्मन’ऐवजी पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरला आहे. बोलताना ‘लॅटर-डे सेंट्स’ म्हटलं की सहप्रवाशांना बरं वाटतं.

पुरातत्त्वशास्त्र याबद्दल काय म्हणतं?

चर्चबाहेरचे अभ्यासक मॉर्मन ग्रंथाला प्राचीन अमेरिकेचा इतिहास मानत नाहीत. ग्रंथात घोडे, पोलाद, गहू यांचे उल्लेख आहेत. ग्रंथात सांगितलेल्या काळात मध्य अमेरिकेत या गोष्टी वापरात असल्याचं उत्खननातून दिसत नाही. इथल्या प्राचीन माया लोकांची लिपी आता बऱ्यापैकी वाचता येते आणि शिलालेखांत दिसतात ते माया राजे, त्यांचे देव आणि त्यांची युद्धं. श्रद्धावान अभ्यासकांची यावर उत्तरं आहेत. नावं एका प्राण्यावरून दुसऱ्याला दिली गेली असतील, किंवा नेफाइट हा मोठ्या लोकसंख्येतला एक लहान समाज असेल, अशी त्यांची मांडणी असते.

याच चर्चशी जोडलेल्या संस्थेने मात्र या प्रदेशात पुरातत्त्वाचं भक्कम काम केलं आहे. १९५२ साली ‘न्यू वर्ल्ड आर्किऑलॉजिकल फाउंडेशन’ स्थापन झालं आणि १९६१ पासून ते ब्रिगहॅम यंग विद्यापीठाकडे आहे. चियापा दे कोर्सो, इसापा अशा ठिकाणच्या त्यांच्या उत्खननांचे अहवाल जगभरचे अभ्यासक वापरतात, मग त्यांची श्रद्धा कोणतीही असो.

आमचं म्हणणं इतकंच : दगडाची तारीख आणि ग्रंथावरची श्रद्धा या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवून फिरा. श्रद्धेसाठी आलेल्याला तारखेची भीती वाटू नये, आणि इतिहासासाठी आलेल्याने दुसऱ्याच्या प्रार्थनेत खुसपट काढू नये. हे जमलं तर सहल दोघांनाही भरभरून देते.

मग ग्रंथाच्या काळाशी जुळणारी ठिकाणं कोणती?

सहल निवडताना सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो फार कमी लोक विचारतात. जाहिरातीत सर्वांत ठळक दिसतात ती ठिकाणं बहुधा ग्रंथाच्या काळानंतरची असतात. चिचेन इत्साचा प्रसिद्ध पिरॅमिड इ.स. ४२१नंतर कित्येक शतकांनी उभा राहिला. तुलुमचा किनाऱ्यावरचा कोट त्याहूनही अलीकडचा, तेराव्या ते पंधराव्या शतकांतला. मेक्सिकोतल्या पालेन्केचा महान राजा पाकाल याची कारकीर्द ६१५ ते ६८३. ग्वाटेमालातल्या तिकालचं मंदिर क्रमांक चार आठव्या शतकातलं. अशा ठिकाणी उभं राहून ‘इथेच ख्रिस्त प्रकट झाला’ असं सांगणं म्हणजे शिवकाळातला प्रसंग पेशव्यांच्या वाड्यात दाखवण्यासारखं आहे.

काळाच्या दृष्टीने जुळणारी ठिकाणं अशी :

- मोन्ते अल्बान, वाहाका शहराजवळ : इ.स.पूर्व ५००च्या सुमारास वसलं. डोंगरमाथा सपाट करून बांधलेलं शहर.
- इसापा, तापाचुलाजवळ : कोरीव शिलापट्टांसाठी प्रसिद्ध, इ.स.पूर्व शेवटच्या शतकांतलं.
- चियापा दे कोर्सो, ग्रिहाल्वा नदीकाठी : याच नदीला काही अभ्यासक ग्रंथातली सिदोन नदी मानतात, तर काही उसुमासिंता नदीला.
- कामिनालहुयू, ग्वाटेमाला सिटीत : काहींच्या मते हेच ग्रंथातलं ‘नेफीचं शहर’.
- एल मिरादोर, उत्तर ग्वाटेमालाच्या जंगलात : तिथला ला दांता पिरॅमिड सुमारे ७२ मीटर उंच.
- तेओतिवाकान, मेक्सिको सिटीपासून सुमारे ५० किलोमीटर : मुख्य बांधकाम इ.स. पहिल्या ते तिसऱ्या शतकांतलं. इथल्या चुन्याच्या गिलाव्याचा संबंध काही जण मॉर्मन ग्रंथातल्या हीलमन पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातल्या सिमेंटच्या घरांशी जोडतात.
- बेकान, काम्पेचे राज्यात : शहराभोवती खोदलेला रुंद खंदक.

बेकानबद्दल दोन शब्द जास्त, कारण बऱ्याच सहली ते वगळतात. खंदकाचा घेर दोन किलोमीटरला थोडा कमी भरतो. आत जायला ठरावीक मार्ग आहेत, त्यांवरून चालताना दोन्ही बाजूंना खोल उतार दिसतो आणि आतल्या बाजूला खोदलेल्या मातीचा बंधारा आहे. अल्मा पुस्तकाच्या पन्नासाव्या अध्यायात मातीचे ढीग आणि वरच्या लाकडी तटबंदीचं वर्णन आहे. तो अध्याय वाचून इथे आलेल्याला तुलना करायला प्रत्यक्ष काहीतरी मिळतं. खंदक होता तो माया लोकांच्या आपसातल्या लढायांसाठी, असं पुरातत्त्वज्ञ सांगतात. तेही गाईडकडून ऐका.

इसापाचा ‘जीवनवृक्षाचा दगड’ पाहण्यासारखा आहे का?

आहे, पण तयारीने जा. हा इसापाचा शिलापट्ट क्रमांक पाच. मधोमध झाड, त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसांच्या आकृत्या, खाली पाण्याच्या लाटा आणि मासे. १९५०च्या दशकात ब्रिगहॅम यंग विद्यापीठातले प्राध्यापक वेल्स जेकमन यांनी यात लेहीला पडलेलं जीवनवृक्षाचं स्वप्न पाहिलं. तेव्हापासून या दगडाच्या प्रतिकृती हजारो घरांत गेल्या. पुढे १९९९ साली त्याच विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ जॉन क्लार्क यांनी दगडाचं नव्याने बारकाईने रेखाटन केलं आणि लेहीच्या स्वप्नाशी तो जुळत नाही, असं मत मांडलं. पण सहलीतल्या बऱ्याच जणांनी हे ऐकलेलं नसतं.

दगड इतका झिजला आहे की दुपारी माथ्यावर ऊन असताना नुसता खडबडीत पृष्ठभाग दिसतो. तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी लवकर जा. तेव्हा झाडाचं खोड आणि डावीकडच्या आकृत्या सावलीने उठून दिसतात. सोबत रेखाटनाची छापील प्रत ठेवा, आधी कागदावर ओळखा, मग दगडावर शोधा. कोरलेल्या रेषा उठाव्यात म्हणून खडू किंवा पाणी लावणं, मोबाइलचा टॉर्च दगडावर टेकवणं हे कधीही करू नका. इसापाचा एक भाग हमरस्त्यालगत आहे, पण बाकीचे भाग कोकोच्या बागांमधून कच्च्या वाटेने गाठावे लागतात. पावसाळ्यात चिखल होतो. राखणदाराला द्यायला सुटे पेसो हवेत.

चिचेन इत्साला गर्दी टाळून कसं जावं?

प्रवेश सकाळी ८ वाजता सुरू होतो. कानकूनहून आलेल्या मोठ्या बस साधारण दहा-साडेदहाला पोचायला लागतात. त्यांच्या आधीचे दोन तास तुमचे.

वेळेचा एक घोळ इथे हमखास होतो. कानकून किंताना रो राज्यात आहे आणि चिचेन इत्सा युकातान राज्यात. किंताना रोची घड्याळं युकातानच्या एक तास पुढे. कानकून ते चिचेन इत्सा सुमारे २०० किलोमीटर, अडीच तास. म्हणजे कानकूनच्या घड्याळात साडेसहाला निघालात तर तिथल्या ८ वाजता दारात असाल. परतताना मात्र एक तास ‘जातो’. संध्याकाळचं विमान असेल तर हा हिशेब चुकल्याने विमान सुटतं. याहून सोपं म्हणजे आदल्या रात्री वायादोलिद गावात मुक्काम करणं.

तिकीट दोन भागांत असतं, एक राज्य सरकारचं आणि एक केंद्रीय पुरातत्त्व संस्थेचं. ही केंद्रीय संस्था सगळे ‘इनाह्’ म्हणून ओळखतात. दोन्ही पावत्या दाराशी तपासतात, तेव्हा पहिली घेऊन रांगेतून बाहेर पडू नका.

मुख्य पिरॅमिडला चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आहेत. वरच्या चौथऱ्याची एक धरली की बेरीज ३६५ होते. चेंडूच्या खेळाचं मैदान सुमारे १६८ मीटर लांब आणि मध्य अमेरिकेतलं सर्वांत मोठं आहे. पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवली की प्रतिध्वनी पक्ष्याच्या शिळेसारखा येतो. विषुवदिनांच्या आसपास, मार्चच्या विसाव्या-एकविसाव्या आणि सप्टेंबरच्या बाविसाव्या-तेविसाव्या तारखांना, उत्तर जिन्याच्या कठड्यावर सापासारखी सावली उतरते. ती पाहायला इतकी गर्दी लोटते की गटाने शांतपणे काही ऐकणं अशक्य होतं. सावली त्या आधी-नंतर दोनतीन दिवसही बरीचशी दिसते, त्यातला एखादा दिवस निवडा.

पिसांचा नाग म्हणजे ख्रिस्त, असं सांगतात. खरं का?

केत्साल्कोआत्ल, माया भाषेत कुकुलकान, या पिसांच्या नागदेवतेचा संबंध ख्रिस्ताच्या भेटीशी लावण्याची पद्धत चर्चमध्ये एकोणिसाव्या शतकापासून आहे. अडचण अशी की ‘गोरा, दाढीवाला, परत येईन म्हणून गेलेला’ हे चित्र मुख्यतः स्पॅनिश विजयानंतरच्या लेखनातून आलं आहे. नागदेवता स्वतः फार जुनी आहे. तेओतिवाकानमध्ये तिचं मंदिर तिसऱ्या शतकाच्या आसपासचं आहे. चर्चमधलेच काही अभ्यासक आता ही जोडणी सोडून देतात.

पालेन्केच्या ‘क्रूसाच्या मंदिरा’बद्दलही असंच. तो क्रूस ख्रिस्ती नाही, तो माया विश्ववृक्ष आहे. बाजूच्या मंदिरातल्या त्याच आकाराला तर मक्याची कणसं लागलेली दिसतात. जवळ जाऊन पाहा, कणसांच्या जागी माणसाचे चेहरे कोरले आहेत. माणूस मक्याचाच बनलेला आहे, हा माया विश्वास या एका कोरीव कामात सापडतो.

पिरॅमिडवर चढता येतं का?

बहुतेक ठिकाणी आता नाही. चिचेन इत्साचा मुख्य पिरॅमिड २००६ पासून बंद आहे. तेओतिवाकानच्या सूर्य पिरॅमिडवर २०२० पासून चढू देत नाहीत. पालेन्केत पाकालच्या थडग्यापर्यंत जाता येत नाही. ते १९५२ साली आल्बेर्तो रूस यांनी शोधलं. त्याची प्रतिकृती तिथल्या संग्रहालयात आहे आणि संग्रहालय सोमवारी बंद असतं. तिकालमध्ये मूळ दगडी पायऱ्यांवरून नव्हे, तर बाजूने बसवलेल्या लाकडी जिन्याने मंदिर क्रमांक चारच्या माथ्याजवळ जाता येतं. मोन्ते अल्बानमध्ये काही चौथऱ्यांवर जाऊ देतात. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे सहलीच्या पत्रकात ‘पिरॅमिडचढाई’ लिहिलेलं असलं तरी कोणता पिरॅमिड, हे लेखी विचारा.

प्राचीन अवशेषांत उभं राहून प्रार्थना, स्तोत्रगायन किंवा प्रभुभोजनाचा विधी करता येतो का?

मनातल्या मनात प्रार्थना, हळू आवाजात वाचन, यांना कुणी हरकत घेत नाही. पण रीतसर परवानगीशिवाय सामूहिक विधी करायला इनाह्ची बंदी आहे, आणि सुरक्षारक्षक चाळीस जणांचा गाणारा गट थांबवतात. त्यामुळे जाणते मार्गदर्शक प्रवेशाआधी बसमध्येच प्रार्थना उरकतात, आणि साक्ष देण्याचा, म्हणजे आपली श्रद्धा सर्वांसमोर सांगण्याचा, कार्यक्रम हॉटेलच्या सभागृहात ठेवतात.

तिपाई, ड्रोन आणि मोठ्या कॅमेऱ्याने चित्रीकरण यांनाही परवानगी लागते. साध्या व्हिडिओसाठी काही ठिकाणी वेगळं शुल्क असतं.

आणखी एक. पालेन्के, तिकाल, कामिनालहुयू ही आजच्या माया लोकांचीही पवित्र स्थळं आहेत. विशेषतः ग्वाटेमालात एखाद्या चौथऱ्यावर फुलं, मेणबत्त्या, कोपाल धूप आणि गोल बसलेलं कुटुंब दिसेल. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि ‘तुमचे पूर्वज खरे कोण होते’ हे त्यांना समजावायला तर मुळीच जाऊ नये.

रविवारी काय करतात?

रविवार विश्रांतीचा आणि उपासनेचा. सहसा सहलीचा गट स्थानिक शाखेच्या सभेला जातो. सभा स्पॅनिशमध्ये, एकूण साधारण दोन तासांची. प्रभुभोजनात पाव आणि पाणी देतात. सदस्य नसलात तर थाळी पुढच्याकडे सरकवली तरी चालते. वर्गणीची थाळी फिरत नाही. कपडे नीटनेटके : पुरुषांनी शर्ट-पँट, बायकांनी साडी किंवा पंजाबी ड्रेस घातला तरी अगदी शोभून दिसतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी बरेच सदस्य उपास करतात, त्या दिवशी गटाचं दुपारचं जेवण उशिरा असू शकतं. मधुमेह असेल तर आदल्या दिवशीच फळं, शेंगदाणे घेऊन ठेवा.

रविवारी मेक्सिकोतली संग्रहालयं आणि अवशेष स्थानिक नागरिकांना मोफत असतात, त्यामुळे तशीही गर्दी फार असते. सोमवारी मेक्सिको सिटीचं मानववंशशास्त्र संग्रहालय बंद. म्हणून रविवार-सोमवार मिळून वेळापत्रकात भोक पडतं. चांगली कंपनी त्या दिवसांत लांबचा प्रवास किंवा निसर्गस्थळ बसवते.

वाटेत चर्चची मंदिरं पाहता येतात का?

बाहेरून जरूर. मेक्सिको सिटीचं मंदिर १९८३चं आणि त्याच्या बांधणीवर माया वास्तुशैलीची छाप स्पष्ट दिसते. ग्वाटेमाला सिटीचं १९८४चं. वाहाका, मेरिदा, व्हियाएरमोसा, तुस्त्ला गुतिएर्रेस इथेही मंदिरं आहेत. आत फक्त शिफारसपत्र असलेल्या सदस्यांना प्रवेश. सदस्यांनी पत्राची मुदत निघण्याआधी तपासावी आणि वेळ आधी ठरवावी, कारण रविवारी आणि सोमवारी मंदिरं सहसा बंद असतात. बाकीच्यांसाठी बाग आणि आवार मोकळं असतं.

मी मॉर्मन नाही. धर्मांतराचा आग्रह होईल का? चहा मिळेल का?

गटातले लोक आपली श्रद्धा मोकळेपणाने सांगतात, ग्रंथाची प्रत भेट देऊ शकतात. ‘धन्यवाद, मी पाहायला आलोय’ एवढं प्रेमाने म्हटलं की बहुतेक ठिकाणी विषय थांबतो. पण दिवसातून तीनचार वेळा प्रार्थना होते आणि त्यात शांत बसावं लागतं, याची मनाची तयारी हवी. ती नसेल तर साधी पुरातत्त्व सहल घ्या.

चर्चच्या आरोग्यनियमात दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य आहेत. गटाच्या जेवणात हे मिळणार नाही, मात्र हॉटेलात स्वतः मागवलात तर कोणी अडवत नाही. मेक्सिकोत दूध घालून उकळलेला चहा मिळणं अवघडच, तेव्हा चहापूड आणि छोटी विजेची किटली जवळ ठेवा. मेक्सिकोत १२७ व्होल्ट वीज आणि अमेरिकेसारख्या चपट्या पिना आहेत. फक्त २२० व्होल्टवर चालणारी भारतातली किटली तिथे नीट तापत नाही. वाहाका आणि चियापास राज्यांत पाण्यात किंवा दुधात घुसळलेलं कोकोचं पेय उत्तम मिळतं, आणि ते सहप्रवासीही आनंदाने पितात.

शाकाहारी माणसाचं काय?

पोट भरतं, पण विचारून खावं लागतं. काळ्या घेवड्याच्या उसळीत बरेचदा डुकराची चरबी असते, तिला तिथे ‘मान्तेका’ म्हणतात. भात कोंबडीच्या रश्शात शिजवतात. ‘कार्ने नको’ म्हटलं तर काही ठिकाणी कोंबडी चालते असं समजतात, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गाय-डुकराचं मांस. म्हणून तिन्ही नावं घ्या : ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका’. मक्याच्या तॉर्तिया, चीज घातलेल्या केसादिया, ग्वाकामोले, निवडुंगाच्या पानांची भाजी म्हणजे नोपालेस, तळलेली केळी, ही रोजची सोय. जैन पथ्य पाळणाऱ्यांनी थेपले आणि मेतकूट बरोबर घ्यावं. युकातानच्या टेबलावरची हाबानेरो मिरचीची चटणी कोल्हापूरकरांनीसुद्धा आधी टोकावर चाखून पाहावी.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते फेब्रुवारी सर्वांत बरे. एप्रिल-मे मध्ये युकातानात पारा ३८ अंशांच्या पुढे जातो आणि दगडी चौकात सावली नसते. जून ते ऑक्टोबर पाऊस, १ जून ते ३० नोव्हेंबर अटलांटिक वादळांचा अधिकृत हंगाम. अमेरिकेतल्या शाळांच्या सुट्ट्यांमुळे अनेक सहली जूनमध्ये निघतात, तेव्हा दुपारचं फिरणं टाळून सकाळी सातला बाहेर पडायची सवय ठेवा.

पाणी, पोट, डास, उंची?

नळाचं पाणी दातांनाही लावू नका. माणशी दिवसाला किमान तीन लिटर बाटलीबंद पाणी धरा. पालेन्के आणि तिकालच्या दमट जंगलात घाम वाळत नाही. तिथे नुसतं पाणी पिऊन डोकं दुखायला लागतं, मग मिठाची पुडी, म्हणजे ओआरएस, घ्यावं लागतं. ते भारतातूनच न्या. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, त्यामुळे डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं मलम सकाळीच लावा आणि बाह्या पूर्ण ठेवा. सेनोटे, म्हणजे चुनखडकातल्या नैसर्गिक विहिरी, यांत उतरण्याआधी मात्र अंगावरचं मलम धुवून टाकायला लावतात, पाणी दूषित होतं म्हणून.

मेक्सिको सिटी २,२४० मीटर उंचीवर आहे. पहिल्याच दिवशी तेओतिवाकानची दोन किलोमीटरहून लांब चाल ठेवली तर ज्येष्ठांना धाप लागते. एक दिवस शहरात संग्रहालय, दुसऱ्या दिवशी तेओतिवाकान, असा क्रम ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांना चढण्यापेक्षा उतरणं कठीण जातं : पायऱ्या उंच आणि अरुंद, त्यामुळे तिरकं उतरावं.

चियापासचा प्रवास सुरक्षित आहे का?

सान क्रिस्तोबाल ते पालेन्के हा डोंगरी रस्ता सुमारे पाच तासांचा, गतिरोधक आणि वळणांनी भरलेला. गावकऱ्यांची नाकाबंदी इथे नवी नाही. अलीकडच्या काही वर्षांत ग्वाटेमालाच्या सीमेलगत गुन्हेगारी टोळ्यांमुळेही काही मार्ग बंद पडले आहेत. म्हणून अनेक कंपन्या पालेन्केला व्हियाएरमोसाहून जातात, सुमारे दोन तास सपाट रस्त्याने. अंधार पडल्यावर रस्त्यावर असू नये, हा नियम कोणत्याही मार्गाला लागू. निघण्याआधीच्या आठवड्यात तुमच्या देशाच्या परराष्ट्र खात्याची सूचना वाचा आणि कंपनीकडे पर्यायी मार्ग काय आहे ते विचारा.

ग्वाटेमालाचा भाग जोडावा का?

वेळ असेल तर नक्की. आतित्लान सरोवराला काही जण मोसाया पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातलं ‘मॉर्मनचं पाणी’ समजतात, जिथे लोकांचा बाप्तिस्मा झाला. सरोवर सुमारे १,५६० मीटर उंचीवर, ज्वालामुखींनी वेढलेलं. होडीने जायचं ते सकाळीच, दुपारनंतर शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि होडी चांगलीच आपटते. कामिनालहुयूचा बराचसा भाग शहराने गिळला आहे. जे उरलं ते मातीचं बांधकाम असल्याने छपराखाली झाकलेलं आहे. तिथे उंच दगडी पिरॅमिड शोधायला गेलेल्यांचा हिरमोड होतो. जवळचं मिराफ्लोरेस संग्रहालय आधी पाहिलं तर ढिगाऱ्यांचा अर्थ लागतो. एल मिरादोरला कार्मेलिता गावातून जंगलात चालत जाऊन यायला साधारण पाच दिवस लागतात, किंवा हेलिकॉप्टरने जावं लागतं. नेहमीच्या सहलीत ते नसतं.

भारतीय पासपोर्टवर व्हिसाचं कसं?

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा वैध व्हिसा, किंवा अमेरिकेचं ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. ग्वाटेमालाचे नियम वेगळे, ते दूतावासाकडून लेखी खात्री करून घ्या.

अमेरिकेत एच-१बीवर असणाऱ्यांची एक गोष्ट अनेकदा अडते. पासपोर्टमधला व्हिसा संपला आहे पण आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद, चालू आहे, अशांना मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत राहून अमेरिकेत परत येण्याची सवलत आहे. तिथे नव्या व्हिसासाठी अर्ज केला तर ती जाते. सहलीत ग्वाटेमाला असेल तरी ती चालत नाही, कारण ती लगतच्या देशांपुरतीच आहे. शिवाय व्हिसा संपलेला असल्यामुळे मेक्सिकोची सूटही मिळत नाही, म्हणजे मेक्सिकोचा व्हिसा काढावाच लागतो. आय-९४ची छापील प्रत, नोकरीचं पत्र आणि एच-१बीची मंजुरी सोबत ठेवा. विद्यार्थ्यांनी आय-२०वर प्रवासाची सही घेतल्याशिवाय निघू नये.

क्रूझवरून उतरून एका दिवसात पाहता येईल का?

कोसुमेल बंदरातून चिचेन इत्सा म्हणजे आधी फेरीबोट, मग अडीच तास बस, आणि जागेवर जेमतेम दीड-दोन तास. प्रोग्रेसो बंदरातून ते जास्त जवळ पडतं. पण प्रोग्रेसोहून अर्ध्या तासावरचं द्झिबिलचालतुन निवडलं, तर धावपळ न होता अवशेष आणि वर वेळ दोन्ही मिळतं.

बुकिंग करण्याआधी कंपनीला काय विचारावं?

मार्गदर्शक कोण, हे सगळ्यात आधी. चांगल्या सहलीत दोघे असतात : सरकारी परवाना असलेला स्थानिक गाईड आणि ग्रंथावर बोलणारा चर्चमधला अभ्यासक. फक्त दुसरा असेल तर जागेवर त्याला मोठ्याने माहिती सांगताना परवानाधारक गाईड हरकत घेऊ शकतात. गट तीसपेक्षा मोठा असेल तर गाईडचा आवाज ऐकू येण्यासाठी कानात घालायची यंत्रं देतात का? प्रवेशशुल्क, चालक आणि गाईडची बक्षिसी किमतीत धरली आहे का? नाकाबंदीमुळे एखादं ठिकाण गळलं तर पैसे परत की दुसरं ठिकाण? ग्रंथातले कोणते अध्याय कुठे वाचणार, याची यादी मागवा. पहिलं नेफी ८, मोसाया १८, अल्मा २२ आणि ५०, तिसरं नेफी ८ ते ११, एवढे आधी वाचले तर बोलणं कळतं.

पैशाचं म्हणाल तर अनेक छोट्या ठिकाणी फक्त रोख पेसो चालतात. स्वच्छतागृहाला पाच-दहा पेसोची नाणी लागतात. २० आणि ५०च्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

तिथून काय आणावं, काय आणू नये?

प्रतिकृती, विणलेलं कापड, कोको, सगळं आणा. ज्वालामुखी काचेच्या, म्हणजे ऑब्सिडियनच्या, धारदार वस्तू चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेतून त्या काढून घेतात. ‘खरी जुनी मूर्ती’ म्हणून अवशेषांबाहेर कोणी हळूच दाखवली तर हात लावू नका. मेक्सिकोत १९७२च्या कायद्याने प्राचीन वस्तू सरकारी मालमत्ता आहेत आणि त्या देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. वाटेत पडलेली खापरीसुद्धा उचलू नये. हुबेहूब प्रतिकृती घेतलीत तर दुकानाची पावती वस्तूसोबतच बांधून ठेवा, विमानतळावर कस्टमवाले विचारतात.